मोडक्या विहिरीतली पिल्लं

वैशे,

कावळा लगेच शिवला. दहाव्याला पिंड ठेवून मी चार पावलं मागं सरकतोय तोवर एक येऊन बसला, त्याच्या पाठोपाठ दुसरा. सगळ्यांना हायसं वाटलं. तात्या चुलते मोठ्यानं म्हणाले, "पोरीची कसलीच इच्छा मागं राह्यली न्हाई बघा." बायका पदरानं डोळे टिपत माना हलवायला लागल्या. मला इतका राग आला म्हणून सांगू! कसली इच्छा राहिली नाही? दहा वर्षांचं काम अर्धवट टाकून गेलीस. माझ्याशी आठ महिने धड बोलली नाहीस. आईला दिवाळीला नक्की येते म्हणून सांगून ठेवलंस. आणि म्हणे इच्छा राहिली नाही. त्या कावळ्याला दगड मारून उठवावं असं मनात आलं, पण चार माणसं उभी होती म्हणून गप्प राहिलो.

आणि गेलीस कशानं, तर डेंग्यूनं. कुणी विचारलं तर सांगताना माझी जीभ अडखळते. शार्कांच्या मधनं पोहणारी पोरगी तू, तिकडं दहा वर्षांत तुला साधा काटा बोचला नाही, आणि पुण्यात तुझ्या सरांना भेटायला आलीस तर एका डासानं गाठलं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तू डोळे उघडत नव्हतीस. तिसगावपासून पुण्यापर्यंत काय काय बोलायचं ते मी जुळवत आलो होतो. आधी थोडं ओरडायचं, मग तू ओरडशील, मग मी म्हणणार, बरं बाई, माझं चुकलं. ते सगळं जसंच्या तसं परत घेऊन आलो.

भांडण आपलं तसं जुनंच. तू लक्षद्वीपला जायचं म्हणालीस तेव्हा आपल्याकडं टँकर चालू होता. आपल्या घरात कुणी समुद्र पाहिलेला नाही. तू पाहिलास तोही कॉलेजच्या सहलीत. मी म्हणालो, इथं हंडा भरायची मारामार आणि तू शार्क न् कासवं बघायला चाललीस, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? तू म्हणालीस, दुष्काळ समुद्रातपण पडतो दादा. मला वाटलं, शिकलेली माणसं बोलतात तसलं काहीतरी.

मग पहिल्या सुट्टीला आलीस. समोर माळावर धनगराची मेंढरं बसली होती, ती दाखवून मला समजावायला लागलीस. बेटाभोवती पोवळ्याची भिंत असते, भिंतीच्या आत उथळ पाणी, त्याला लगून म्हणायचं. त्या पाण्याच्या तळाशी गवत उगवतं आणि कासवं ते चरतात. एकाच जागी बसून चरायला लागली की तळ उघडा पडतो, आपल्या माळासारखा. मग गवतात लपणारी मासळी निघून जाते आणि बेटावरचे मासे धरणारे कासवांच्या नावानं बोटं मोडतात. तू विचारलंस, लांडगा फिरकत असला की मेंढरं एका जागी बसतात का? नाही बसत. तसाच तिथं शार्क, म्हणालीस. शार्क मारून टाकले की कासवं निर्धास्त. हे मला तिथल्या तिथं पटलं होतं, पण तुला तसं सांगितलं नाही. उलट म्हणालो, मग हिवरे बाजारसारखी चराईबंदी करा की, घ्या कासवांची ग्रामसभा. तू इतकी हसलीस की ठसका लागला, आईनं पाठीवर थापटलं. पुढं कितीतरी दिवस मी फोनवर विचारायचो, झाली का ग्रामसभा? आणि तू म्हणायचीस, कोरम नाही.

तिकडं तुझा तो कोयाइक्का. इक्का म्हणजे तिकडचा दादा, हे तूच सांगितलंस, आणि मला ते फारसं आवडलं नव्हतं. आता सांगायला काय हरकत आहे? म्हातारा, त्याची छोटी बोट, त्यानं तुला लगूनमधल्या सगळ्या जागा दाखवल्या. शार्कची मादी कुठल्या उथळ पाण्यात येऊन पिल्लं घालते, कासवं कुठं चरतात, कुठं झोपतात. पण दाखवायच्या आधी तुझ्याकडून शब्द घेतला की जागा कागदावर लिहायच्या नाहीत. त्याचं म्हणणं साधं होतं. जागा बाहेर कळली की एकतर बाहेरच्या बोटी जाळी घेऊन येतात, नाहीतर सरकारी फलक येतो आणि बेटावरच्या माणसालाच तिथं जायला बंदी. तू शब्द दिलास. जागा टिपायच्या यंत्रावरचे आकडे दर मोसमाच्या शेवटी त्याच्या समोर बसून पुसायचीस. मी म्हणायचो, अगं मग वह्या भरतेस कशाला? जागाच सांगायची नाही तर तुझी पीएचडी कोण मान्य करणार? तुझे सरही तेच म्हणत होते. तू म्हणायचीस, जागा न सांगता जागा वाचवता येते का ते बघायचंय मला. मी म्हणायचो, नाही येत. या एका गोष्टीवर आपण कितीदा भांडलो. शेवटचा शब्द कुणाचा ते ठरलंच नाही.

वह्या मात्र इकडं पाठवायचीस. तिकडं कागदाला बुरशी लागते, आपल्या घरात कशालाच लागत नाही. माळ्यावर पत्र्याची पेटी, तिच्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या वह्या. मी एकदाही उघडून बघितलं नाही. कासवांचा हिशोब, आपल्याला काय कळणार. वर वाचल्या असत्या तर तुला वाटलं असतं की दादाला पटलं.

आणि घरी आलीस की तुझं ते पहिलं काम. पिशवी ओट्यावर टाकायची, चप्पल काढायची आणि वावरात निघायचं. बांधाबांधानं पुटपुटत चालायचीस. बोरीच्या बांधावर थांबायचीस, मोडक्या विहिरीत वाकून बघायचीस, लिंबाच्या वावराला फेरी मारायचीस, मुरमाडाच्या टोकापर्यंत जाऊन परत. आई म्हणायची, चहा तरी घे आधी. तू म्हणायचीस, आले आले. मला वाटायचं, पोरीला पाण्यात राहून राहून मातीची ओढ लागत असेल. एकदाही विचारलं नाही काय पुटपुटतेस म्हणून.

आता त्या दिवसाचं. डाळिंब लावायचं होतं. बांध मधे येत होते, ठिबकच्या नळ्या सरळ बसत नव्हत्या. मोडक्या विहिरीला तर आपण लहान असल्यापासून टिपूस पाणी नव्हतं. मी जेसीबी आणला. तीन दिवसांत बांध मोडले, बोरीचं झाड काढलं, विहीर बुजवली, मुरमाड आणि लिंबाचं वावर एक करून टाकलं. बघायला आलेली माणसं म्हणाली, आता कसं वावर दिसतंय! मी खूश होतो. तू येणार म्हणून आणखी खूश, तुला दाखवायचं होतं.

तू रस्त्यावरच थांबलीस. चप्पल काढलेली हातात तशीच. चिडलीस की तुझं पुण्याचं मराठी गळून पडायचं. "कुनाला इचारून केलं हे?"

मी काय ऐकलं ते तुला ठाऊक आहे. गावात रोज एकाच्या घरी तेच चालू असतं, बहिणीनं हिस्सा मागितला, भावानं सही मागितली. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "तुझा हिस्सा पायजे आसल तर तसं सांग. उद्या मोजणी आणतो."

तू माझ्याकडं बघितलंस. चप्पल पायात घातलीस. सकाळी पहिल्या एसटीनं गेलीस, तुझ्या वहिनीनं बांधून दिलेल्या भाकरीसुद्धा ओट्यावर ठेवून गेलीस. त्यानंतर फोनवर आईची तब्येत, पाऊस, बस. ग्रामसभेचं मी दोनदा विचारलं. तू म्हणालीस, रेंज नाही.

एक वाक्य बोलली असतीस गं. एकच. दादा, तो माझा नकाशा होता. शब्द कोयाला दिला होतास ना, मला तर नव्हता दिलास. मी कुणाला सांगणार होतो, तिसगावच्या बाजारात ओरडणार होतो की काय?

तू गेल्याच्या पाचव्या दिवशी तुझ्या सरांचा फोन आला. माणूस वाईट नाही. म्हणाले, वह्या जपून ठेवा आणि त्यात जागांची यादी कुठं सापडते का बघा. यादी मिळाली नाही तर कशाचा कशाला मेळ लागणार नाही. मी म्हणालो बघतो. मनात म्हणालो, मी हेच दहा वर्षं सांगत होतो.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी पेटी खाली काढली. आई शेजारी बसली, म्हणाली, वाच. मी एक वही मधूनच उघडली आणि मोठ्यानं वाचलं, मोडक्या विहिरीत आज सात पिल्लं, दोन नवीन दिसतात. खाली बेटाचं नाव आणि तारीख. पुढं लिहिलं होतं, लिंबाच्या वावरात कासवं कमी, गवत बोटभर वर आलंय. बोरीच्या बांधाच्या पलीकडं मोठा शार्क, एकटा. मला वाटलं तुला घरची आठवण येत होती, म्हणून काहीतरी सरमिसळ लिहिलंय.

आई म्हणाली, "हिरीतली पिल्लं कुत्रीची असत्याल. पन पोरगी तर तवा बेटावर हुती."

मी खालची तारीख पुन्हा वाचली. मी दुसरी वही उघडली, तिसरी उघडली. सगळीकडं आपलंच वावर. बोट सुटायची ती आपल्या वस्तीवरून, म्हणजे वस्ती हा बेटाचा धक्का, बोरीचा बांध म्हणजे पोवळ्याची भिंत, मोडकी विहीर म्हणजे शार्कच्या पिल्लांचं उथळ पाणी, वस्तीपासून विहिरीला जेवढी पावलं त्याच मापात अंतरं. तू अख्खं लगून आणून आपल्या वावरात ठेवलं होतंस, बांधाला बांध लावून. घरी आलीस की चप्पल काढून पुटपुटत चालायचीस ते जागा घोकत होतीस. आणि मी तो नकाशा तीन दिवसांत सपाट करून वर डाळिंब लावलं.

मी वही मिटली आणि बाहेर जाऊन रडलो. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच ओरडलो.

त्याच आठवड्यात तुझ्या कोयाइक्काचा फोन आला. त्याची हिंदी तुटकी, माझी तरी कुठं सरळ आहे? दोघंही आधी नुसतेच हॅलो हॅलो करत होतो. मग तो रडला. मग म्हणाला की बेटाच्या धक्क्याकडं येणारी बोटींची वाट खोल करायचं चाललंय, मशीन येणार आहे, आणि वाट कुठून काढायची याची बैठक आहे. पिल्लं घालायच्या जागेतूनच मशीन जाईल अशी त्याला भीती वाटतेय. जागा त्याला पाठ आहेत, पण तिथं दहा वर्षांत काय काय दिसलं ते तुझ्या वह्यांत. बैठकीत म्हाताऱ्याच्या नुसत्या तोंडच्या बोलण्याला कोण विचारतो? कुठली जागा वहीत कुठल्या नावानं आहे ते त्याला माहीत नाही. मी विचारलं, तुम्हाला तिनं काही सांगितलं नव्हतं का? तो म्हणाला, "वैशाली बोला था, सब जगह भाई का खेत में रखा है."

केव्हा बोलली होती, विचारलं. म्हणाला, यंदा, इकडून पुण्याला जायच्या आधी.

म्हणजे जेसीबीनंतर. वावर मोडल्यावर सहा-सात महिन्यांनी तू त्याला सांगतेस की सगळं भावाच्या शेतात ठेवलंय. शेतात काय शिल्लक आहे ते तू बघून गेली होतीस. मग कशाच्या जिवावर बोललीस? माझ्याच ना? मला आठवेल म्हणून. एवढा विश्वास होता तर फोनवर रेंज नाही कशाला म्हणत होतीस?

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद, पेन्सिल घेऊन बागेत गेलो. आई पाठीमागून आली, तिनं चप्पल काढली तशी मीही काढली. तलाठ्याकडच्या नकाशात गट दिसतो, आतले बांध नाहीत. मोबाईलवरच्या नकाशात तर नुसत्या डाळिंबाच्या ओळी. पहिल्यांदा मला काहीच सापडेना. जिथं मी जन्मापासून वावरलो तिथं परक्यासारखा उभा. मग विहीर सापडली. भराव टाकला तरी यंदाच्या पावसात ती जागा खचली, तिथलं झाड दोनदा लावलं, दोन्ही वेळा जळालं. बायको म्हणायची कीड लागली असेल. ती मोडकी विहीर होती, वैशे. तिच्यापासून पावलं मोजत निघालो. बोर कुठं होती ते आईनं दाखवलं. तिला माझ्यापेक्षा जास्त आठवतं. काठी टेकवून म्हणाली, "हितं. हितं तुमी दोघं बोरं येचायचा. ती सगळी पिकलेली तुला द्यायची आन् तू म्हनायचा, मला कच्ची दिली."

मी असं म्हणायचो का गं?

तीन दिवस लागले. मोडायलाही तीनच लागले होते. कागदावर सगळं आलं. बोरीचा बांध, विहीर, लिंबाचं वावर, मुरमाडाचं टोक, ओढ्याकडची चिंचोळी पट्टी. वह्या पहिल्यापासून वाचत गेलो आणि प्रत्येक नावापुढं पेन्सिलीनं खूण करत गेलो. वाचता वाचता तुझं कामही कळलं. जिथं मोठा शार्क फिरत होता तिथलं गवत खरंच वर येत होतं. धनगर आणि लांडगा. तुझं बरोबर होतं, आता पटल्याचं सांगतो. सरांनाही फोन करून सांगितलं की नावं सापडलीत, पण जागा बेटावरच्या लोकांच्या आहेत, द्यायच्या की नाही ते लोक ठरवतील, तुम्ही त्यांना विचारा. सर म्हणाले, तुम्ही तिचेच भाऊ. इतके दिवस त्यांच्या बाजूनं मीच तुझ्याशी भांडत होतो आणि आता तुझ्या बाजूनं त्यांच्याशी बोलतोय. तू ऐकायला असतीस तर केवढी खवळली असतीस, की हे आधी का नाही सुचलं.

शेवटची वही राहिली होती. पुण्याला येताना तुझ्याबरोबर होती ती, दवाखान्यातून तुझ्या सामानात आली. तिच्यात जुनी सगळी नावं आहेत. मी बांध मोडले, तू नाही मोडलेस, तुझ्या वहीत बोर तशीच उभी आहे. पण अखेरच्या पानांत एक नाव नवीन आलंय. दादाचा बाग. खाली लिहिलंय, इथं आधी काहीच नव्हतं, नुसती वाळू. आता गवताची कोवळी पाती दिसतात, दाट नाहीत पण आहेत. एक लहान कासव. परत येऊन बघायचं.

मी सगळा नकाशा पालथा घातला. दादाचा बाग म्हणजे कुठं? बाग तर आता अख्ख्या वावरात आहे. विहिरीजवळ, बांधाजवळ, मुरमाडात? एक पाऊल, एक दिशा काही लिहिलेलं नाही. दुसऱ्या कुणाची असती तर समजलो असतो, ही एकच जागा माझ्या नावाची आणि हीच मला सापडत नाही. आठ महिन्यांत तू मला माफ केलंस की नुसतं नाव ठेवलंस, तेही कळायला मार्ग नाही. त्या पानावर मी इतका वेळ बसून होतो की आईनं जेवायला दोनदा हाक मारली.

शेवटी कोयाला फोन लावला. म्हटलं, नकाशा तयार आहे, फोटो काढून लगेच पाठवतो, फक्त एक जागा सांगा, शेवटी तिनं तुम्हाला कुठं नेलं होतं, वाळूवर नवीन गवत आलंय ती. तो ओळखून हसला. जागा माहीत आहे म्हणाला. पण फोटो पाठवू नको म्हणाला, फोनवरही सांगणार नाही. जागा फोनवर सांगायची नाही, कागद मोबाईलवर फिरवायचा नाही, बोटीत बसवून दाखवायची, असं त्याचं आणि तुझं ठरलंय. मी जरा आवाज चढवला. म्हणालो, अहो मी तिचा सख्खा भाऊ आहे, माझ्या नावाची जागा आहे ती. तो म्हणाला, मालूम है. नकाशा हातात घेऊन या, मी दाखवतो, बैठकीच्या आधी या.

म्हातारा तुझ्यापेक्षा हट्टी आहे.

येतो म्हणालो. बायको पिशवी भरतेय, आईनं कोयासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवलीय. नकाशा तुझ्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलाय. मला पोहता येत नाही हे मात्र मी त्याला सांगितलेलं नाही. तुला माहीत आहे.